पायाखालची नावं

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या सेंट मेरीज चर्चच्या अंगणात शिरताना मराठी माणसाचा पाय अडखळतो. अंगणात फरशीसारख्या लांबरुंद, काळपट शिळा अंथरलेल्या आहेत. जवळजवळ प्रत्येक शिळेवर कुणाचं तरी नाव, मृत्यूचं साल, घराण्याचं चिन्ह कोरलेलं आहे. ही थडग्यांवरची झाकणं आहेत आणि चर्चकडे जायचं तर त्यांच्यामधूनच जावं लागतं. समाधीला चुकून पाय लागला तर हात जोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जड जातं. मेलेल्या माणसाचं नाव कोरायचं आणि ते पावलांखाली ठेवायचं, ही कुठली रीत?

थोडी चौकशी केली की कोडं आणखी अवघड होतं. या शिळांखाली कुणाला पुरलेलंच नाही. त्यातली एक शिळा १६५२ सालची आहे. मद्रासचा पहिला प्रेसिडेंट एरन बेकर याची बायको एलिझाबेथ हिची ही शिळा भारतातल्या सर्वांत जुन्या इंग्रजी मृत्युलेखांपैकी मानली जाते. चर्च मात्र १६८० मध्ये बांधून झालं. म्हणजे थडग्याचा दगड चर्चपेक्षा अठ्ठावीस वर्षांनी मोठा.

या कोड्याची उत्तरं किल्ल्यापासून गिंडीपर्यंतच्या दहा-बारा किलोमीटरांत विखुरलेली आहेत. गिंडीच्या पुढचंच लोकल स्टेशन सेंट थॉमस माउंट. तमिळमध्ये त्या टेकडीला परंगिमलै म्हणतात. मद्रासच्या चर्चच्या गोष्टीतली सर्वांत जुनी कोरीव शिळा या टेकडीवर आहे आणि थडग्यांच्या दगडाची जन्मकथाही इथलीच आहे.

वेदीजवळची जागा

आधी युरोपातल्या मध्ययुगीन धर्मग्रामाचं चर्च समजून घ्यायला हवं. धर्मग्राम म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा गाव किंवा वस्ती. वसईकडचे ख्रिस्ती हाच शब्द वापरतात. अशा चर्चची मांडणी साधारण ठरलेली असे. पूर्वेच्या टोकाला वेदी, तिच्यासमोर धर्मगुरूंची जागा, त्यापुढे पश्चिमेकडे लोकांनी उभं राहायचं लांबट दालन आणि पश्चिमेच्या टोकाला बहुधा घंटेचा मनोरा. पूर्व दिशा महत्त्वाची, कारण ख्रिस्त पूर्वेकडून परत येईल आणि मेलेले उठून उभे राहतील, अशी श्रद्धा होती. म्हणून प्रेताचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. उठल्यावर माणसाचं तोंड आपोआप वेदीकडे व्हावं, हा हेतू.

चर्चच्या आत पुरण्याची चाल याहून जुनी आहे. रोमन कायद्यात प्रेत शहराबाहेर नेण्याचा दंडक होता. ख्रिस्ती लोकांनी तो मोडला, कारण त्यांच्या लेखी संताच्या अस्थी अपवित्र नव्हत्या. उलट, त्यांच्याजवळ झोपलेल्याला शेवटच्या दिवशी त्या संताचा आधार मिळेल, असं ते मानत. आधी संतांच्या थडग्यांवर चर्चं उभी राहिली, मग त्या चर्चच्या पोटात इतरांची थडगी आली. चेन्नईतच याचं ठळक उदाहरण आहे. मैलापूरजवळचं सान्थोम चर्च प्रेषित थॉमसच्या थडग्यावर उभं आहे, असं ख्रिस्ती परंपरा सांगते. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोनं या थडग्याच्या यात्रेचा उल्लेख केला आहे. आजची उंच, टोकदार शिखराची इमारत १८९६ मधली असली, तरी तिची जागा त्या थडग्यानं ठरवलेली आहे.

यातून एक उतरंड तयार झाली. वेदीच्या जितकं जवळ, तितका मान मोठा. वेदीशेजारी धर्मगुरू आणि जमीनदार, दालनात व्यापारी आणि सुखवस्तू घराणी, बाहेरच्या आवारात सामान्य गावकरी, त्यातल्या बहुतेकांच्या डोक्याशी दगडही नाही. जागेप्रमाणे पैसे मोजावे लागत. थडग्याचं स्थान म्हणजे त्या माणसाच्या प्रतिष्ठेची मोजपट्टीच होती, असं माझं मत आहे. शिळेवरचा मजकूर नंतर वाचावा, आधी ती वेदीपासून किती अंतरावर आहे ते पाहावं.

मग नाव पावलाखाली का? त्यामागचं पहिलं कारण अगदी व्यवहारी. चर्चची जमीन लोकांच्या वापराची, तिच्यात उंचवटा नको, म्हणून थडग्याचं झाकण जमिनीच्या पातळीतच बसवायचं. दुसरं कारण श्रद्धेचं. जे येतील त्यांनी माझ्यावर उभं राहून माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी, ही मृताची विनंती. मध्ययुगीन मृत्युलेख वाचणाऱ्याला उद्देशून बोलतात, प्रार्थना मागतात. त्यांच्या दृष्टीनं पाऊल पडणं म्हणजे अपमान नव्हता, आठवण होती. ज्यांच्याकडे पैसा अधिक, त्यांनी शिळेऐवजी पेटीसारखा चौथरा बांधला आणि त्यावर आपली झोपलेली मूर्ती कोरून घेतली. हात जोडलेले, डोकं उशीवर, पायाशी सिंह किंवा कुत्रा. इंग्लंडात ही मूर्ती पुष्कळदा अलाबास्टर नावाच्या मऊ, दुधाळ दगडात घडवत, कारण त्यात कपड्याच्या चुण्याही सहज निघतात. पाय एकमेकांवर टाकलेला सरदार म्हणजे धर्मयुद्धाला गेलेला वीर, असं पर्यटकांना अजून सांगितलं जातं, पण त्याला आधार नाही. ती मूर्तिकाराची एक ढब होती.

टेकडीवरचा क्रॉस

भारतात मध्ययुगीन इंग्रजी चर्च असण्याचा प्रश्नच नव्हता. पण मध्ययुगीन ख्रिस्ती कोरीवकाम आहे, आणि तेही गिंडीच्या अंगाला.

सेंट थॉमस माउंट ही सुमारे ३०० फूट उंचीची टेकडी. प्रेषित थॉमसला इथं मारलं, अशी परंपरा आहे. पोर्तुगीजांनी १५२३ मध्ये तिच्यावर छोटं चर्च बांधलं. १५४७ मध्ये तिथं पाया खणताना एक कोरीव शिळा निघाली आणि ती वेदीच्या भिंतीत बसवण्यात आली. ती आजही तिथंच आहे.

ही शिळा नीट पाहिली पाहिजे. मधोमध समान वाटणाऱ्या बाहूंचा क्रॉस, टोकांना फुलोरा. वरून एक कबुतर खाली झेपावतं आहे, ते पवित्र आत्म्याचं चिन्ह. क्रॉसच्या तळाशी पानं उमललेली. दोन्ही बाजूंना खांब, आणि खांबांवर बसलेल्या मकरांच्या तोंडातून कमान निघते. मकरतोरण! आपल्या देवळांच्या गाभाऱ्याच्या दारावर, मूर्तीच्या प्रभावळीवर आपण पाहतो तीच रचना. कोरणारा पाथरवट देवळं घडवणाऱ्यांच्या परंपरेतला होता, हे उघड आहे. कमानीच्या पट्टीवरची अक्षरं मात्र तमिळ नाहीत, ग्रंथ लिपीही नाही. ती पहलवी आहेत, म्हणजे इराणातल्या ससानी काळातली लिपी. ए. सी. बर्नेल या अभ्यासकानं १८७०च्या दशकात ती वाचायचा पहिला मोठा प्रयत्न केला. वाचनाबद्दल पंडितांत अजून मतभेद आहेत, पण अक्षरांच्या वळणावरून ही शिळा सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासची असावी, असं बहुतेक जण धरतात. इराणातून समुद्रमार्गे आलेला ख्रिस्ती व्यापारी समाज आणि इथला शिल्पी, दोघांचा हात एका दगडावर पडला आहे.

या क्रॉसची भावंडं केरळात आहेत. कोट्टयमच्या वलियपळ्ळीत असेच क्रॉस आहेत. एक आपल्याही शेजारी सापडला. २००१ मध्ये गोव्यात आगशीजवळ पहलवी अक्षरं असलेला क्रॉस मिळाला. कोकण किनाऱ्यावरही इराणी ख्रिस्त्यांचं येणंजाणं होतं, याचा तो दगडी पुरावा.

टेकडीवर चढायच्या पायऱ्यांचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या पेट्रस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्यानं बांधून घेतल्या. सैदापेठला अड्यार नदीवर १७२६ मध्ये पूल बांधणाराही तोच. गिंडीहून शहराकडे जाणारी वाट त्याच्यामुळे बारमाही झाली. तो १७५१ मध्ये वारला. त्याला वेपेरीच्या चर्चमध्ये पुरलं, पण त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचं हृदय वेगळं काढून इराणातल्या जुल्फाला पाठवलं गेलं. युरोपातल्या मध्ययुगीन राजांमध्ये ही प्रथा होतीच. सिंहहृदयी म्हणून प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डचं शरीर फ्रान्समध्ये एका ठिकाणी आणि हृदय रुआँ शहरात आहे. ज्या दोन गावांवर जीव, त्या दोन्हीकडे असण्याचा तो मार्ग.

थडग्यावरून नाव पडलेला दगड

आता दगडाकडे येऊ. या गोष्टीतला हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो.

कलकत्त्याची वखार वसवणारा जॉब चार्नॉक १६९३च्या जानेवारीत वारला. सेंट जॉन्स चर्चच्या आवारात त्याच्या थडग्यावर एक काळसर शिळा आहे. दोनशे वर्षांनी, १८९३ मध्ये, टी. एच. हॉलंड या भूशास्त्रज्ञानं त्या शिळेचा अभ्यास केला. तिच्यातली खनिजं नेहमीच्या ग्रॅनाइटशी जुळेनात. ती जुळली मद्रासजवळच्या पल्लावरम आणि सेंट थॉमस माउंटच्या टेकड्यांशी. कलकत्त्याचा गाळाचा प्रदेश, तिथं असा दगड नाही, तेव्हा शिळा मद्रासहून जहाजानं गेली असणार. हॉलंडनं या खडकाला चार्नॉकच्या नावावरून ‘चार्नोकाइट’ हे नाव दिलं. आज अंटार्क्टिकापासून नॉर्वेपर्यंत जिथं जिथं हा खडक सापडतो, तिथं तिथं एका थडग्याच्या दगडाचं नाव घेतलं जातं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं सेंट थॉमस माउंटचा चार्नोकाइट राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांच्या यादीत घातला आहे.

थडग्यासाठी हा दगड इतका योग्य का, ते त्याच्या घडणीत आहे. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी जमिनीच्या कवचाच्या खोल थरांत, सातशे-आठशे अंशांहून अधिक तापमानात तो तयार झाला. तिथं पाणी जवळजवळ नव्हतं. पाणी नसेल तर अभ्रकासारखी पाणी धरून ठेवणारी खनिजं फारशी तयार होत नाहीत. अभ्रक असलेल्या खडकाचे पापुद्रे निघतात, ऊनपावसात तो थराथरानं सुटतो. चार्नोकाइटमध्ये क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि हायपरस्थीन नावाचं गडद खनिज एकमेकांत घट्ट रुतलेलं असतं. त्यामुळे त्याला निळसर-हिरवट झाक येते, घासून गुळगुळीत केल्यावर तेलकट चमक येते, आणि कोरलेलं अक्षर कडेनं फुटत नाही. तोटा एकच, तो कोरायला फार कठीण. छिन्नी वारंवार धार लावून घ्यावी लागते. म्हणूनच शिळेवरच्या अक्षरांची संख्या खर्चाशी बांधलेली असे.

गोव्यात याच्या उलट परिस्थिती. तिथली चर्चं जांभ्याची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. भिंतीला उत्तम. पण त्याच्या भोकांत बारीक अक्षर टिकत नाही. त्यामुळे तिथं भिंती जांभ्याच्या आणि थडग्याच्या शिळा दुसऱ्या दगडाच्या, अशी विभागणी दिसते.

जाता जाता याच टेकडीची आणखी एक गाठ सांगतो. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटननं हिंदुस्थानच्या महासर्वेक्षणाची पहिली पायारेषा सेंट थॉमस माउंटच्या परिसरात मोजली. साडेसात मैलांची ती रेषा पुढे वाढत वाढत उत्तरेकडे गेली आणि तिच्याबरोबर चालत राहिलेला लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याचं थडगं तिथंच आहे.

तोफगोळ्यासाठी बांधलेलं छप्पर

सेंट मेरीज चर्चची पायाभरणी २५ मार्च १६७८ रोजी झाली आणि २८ ऑक्टोबर १६८० रोजी ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. गव्हर्नर स्ट्रेन्शॅम मास्टर यानं वर्गणी काढून ते उभारलं. आराखडा किल्ल्याचा मुख्य गोलंदाज विल्यम डिक्सन याचा, असं मानतात. गोलंदाजाला चर्चचं काम का दिलं, ते इमारत पाहिल्यावर लगेच समजतं.

किल्ल्याच्या आतली प्रत्येक इमारत शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात. लाकडी तुळयांचं छप्पर असतं तर एका गोळ्यानं पेटलं असतं, नाहीतर वाळवीनं खाल्लं असतं. म्हणून छपरात लाकूड वापरलंच नाही. विटा आणि शिंपल्यांचा चुना यांच्या तीन लांबट अर्धगोल कमानी शेजारी शेजारी घातल्या. मध्ये मुख्य दालन आणि दोन्ही बाजूंना दोन पडव्या. छपराची जाडी सुमारे दोन फूट, बाहेरच्या भिंतींची सुमारे चार फूट. गोल पाठीवर पडलेला गोळा घसरून बाजूला जाण्याची शक्यता जास्त, सपाट गच्चीवर तो रुततो.

पण अशा छपराचा एक स्वभाव असतो. कमान फक्त खाली दाबत नाही, बाजूंनाही ढकलते. लांबच्या लांब अर्धगोल छप्पर असेल तर हा रेटा भिंतीवर सलग, इंचाइंचाला पडतो. गर्दीच्या वेळी मुंबईच्या लोकलमध्ये उभे असलेले प्रवासी आठवा. मधले लोक एकमेकांना दोन्हीकडून रेटतात, म्हणून हात न धरताही उभे राहतात. सगळा जोर दाराशी उभ्या असलेल्यांवर येतो, त्यांना दांडा घट्ट धरावा लागतो. इथंही मधल्या छपराचा रेटा बाजूच्या छपरांचा रेटा काटतो, त्यामुळे आतल्या आधारांवर मुख्यतः खाली येणारं वजन उरतं आणि त्यांच्यात मोठ्या कमानी मोकळ्या ठेवता येतात. शेवटचा रेटा सोसायला बाहेरच्या भिंती मात्र जाड हव्यात, म्हणून त्या चार फुटी.

युरोपातल्या गॉथिक चर्चनी याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला होता. त्यांनी छप्पर दगडी फासळ्यांवर तोललं, रेटा ठरावीक ठिकाणी गोळा केला आणि तिथंच बाहेरून टेकू दिले. त्यामुळे मधल्या भिंती पातळ झाल्या आणि त्यात मोठाल्या रंगीत काचा बसवता आल्या. मद्रासला काचा नको होत्या, गोळे अडवायचे होते. एकाच भौतिक नियमातून सौंदर्याची ती रीत निघाली आणि ही संरक्षणाची.

शिळा अंगणात कशा आल्या

चर्च सुरू झालं तेव्हा इंग्रजांचं मुख्य दफनस्थान किल्ल्याच्या भिंतीबाहेर होतं, आज जिथं उच्च न्यायालय आणि विधी महाविद्यालयाचा परिसर आहे तिथं. तिथं लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे उंच मनोरे, चौथरे, घुमट्या बांधल्या. मेलेल्यांचं एक छोटं नगरच उभं राहिलं.

डिसेंबर १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली यानं मद्रासला वेढा घातला. त्याच्या सैनिकांना किल्ल्यावर मारा करायला आडोसा हवा होता, तो या उंच थडग्यांनी दिला. फेब्रुवारी १७५९ मध्ये वेढा उठला. त्यानंतर इंग्रजांनी ठरवलं की असा आडोसा पुन्हा शिल्लक ठेवायचा नाही. बांधकामं पाडली. मनोऱ्यांच्या विटा गेल्या, पण नावं कोरलेल्या शिळा उचलून सेंट मेरीजच्या अंगणात आणून अंथरल्या. मृतांचे देह जुन्याच जागी राहिले.

त्या दफनस्थानातली एक-दोनच बांधकामं वाचली. त्यातलं एक म्हणजे जोसेफ हिन्मर्स आणि एलिहू येलचा तान्हा मुलगा डेव्हिड यांच्या थडग्यावरचा उंच निमुळता मनोरा. हिन्मर्सची विधवा कॅथरीन हिच्याशी येलनं याच नव्या चर्चमध्ये नोव्हेंबर १६८० मध्ये लग्न केलं होतं. पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेल्या या येलनं दिलेल्या देणगीमुळेच अमेरिकेतल्या विद्यापीठाला त्याचं नाव मिळालं.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. चर्चपेक्षा जुना दगड चर्चच्या अंगणात आहे, कारण तो बाहेरून आला. त्याखाली कुणी नाही, कारण दगड हलवला, माणूस नाही. आणि इथं वेदीपासूनचं अंतर, डोक्या-पायाची दिशा यांतून काहीच समजत नाही, कारण शिळा बसतील तशा मांडल्या आहेत. जागेची भाषा पुसली गेली, दगडावरची तेवढी उरली. ती मात्र भरपूर आहे. इंग्रजी, लॅटिन, पोर्तुगीज, आर्मेनियन अशा लेखांवरून सतराव्या-अठराव्या शतकातल्या मद्रासची वस्ती डोळ्यांसमोर येते.

चौकट: शिळा वाचताना

आधी आकार पाहा. सपाट शिळा जमिनीसाठी, पेटीसारखा चौथरा उघड्या आवारासाठी, संगमरवरी फलक भिंतीसाठी. मग अक्षर. आत खोदलेलं अक्षर पावलांखालीही टिकतं, कारण सबंध पृष्ठभाग तेवढा झिजेपर्यंत ते वाचता येतं. उठावाचं अक्षर महाग, कारण भोवतालचा सगळा दगड काढावा लागतो, पण वर्दळीत तेच आधी झिजतं. ढाल, शिरस्त्राण, पिसारा असेल तर ते घराण्याचं चिन्ह. कवटी आणि हाडं म्हणजे मरण विसरू नका, असा उपदेश. वाळूचं घड्याळ म्हणजे सरलेला काळ. मद्रासच्या उत्तरेला पुलिकतच्या डच दफनस्थानाच्या दारावर तर अख्खे सांगाडे कोरलेले आहेत. शेवटी भाषा. लॅटिन असेल तर माणूस बहुधा धर्मगुरू किंवा शिकलेला, आर्मेनियन असेल तर बहुधा जुल्फाशी नातं सांगणारा व्यापारी.

गोवा आणि वसई

जागेची भाषा शाबूत असलेली चर्चं पाहायची तर ओल्ड गोव्याला जावं. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या जमिनीत घराण्यांच्या चिन्हांच्या शिळा एकमेकींना लागून बसवलेल्या आहेत. इथल्या जुन्या चर्चचं सोळाव्या शतकातलं प्रवेशद्वार पुढच्या बांधकामातही राखून ठेवलं आहे.

पण माझ्या मते सर्वांत बोलकं आहे ते मोंते सांतो टेकडीवरचं रोझरीचं चर्च. १५४०च्या दशकातलं हे चर्च बाहेरून गढीसारखं दिसतं आणि त्यावर दगडात कोरलेले दोरखंड आहेत. दर्यावर्दी पोर्तुगालची ही खास शैली, गॉथिक परंपरेच्या शेवटच्या टप्प्यातली. आत गव्हर्नर गार्सिया द सा याची शिळा जमिनीत आहे. तो १५४९ मध्ये वारला. त्याची बायको कातारिना आ पिरो हिचं स्मारक मात्र भिंतीत आहे, पांढऱ्या दगडाचं, आणि त्यावरची नक्षी गुजराती कारागिरांची. त्या काळी खंबातच्या कारागिरांनी घडवलेल्या कोरीव शिळा इंडोनेशियापर्यंत जात. पोर्तुगीज बाईच्या मृत्युलेखाभोवती मशिदीच्या मिहराबात शोभावी अशी वेलबुट्टी आहे. परंगिमलैच्या क्रॉसवर मकर बसले, तसंच इथंही घडलं. कोरणाऱ्याच्या हाताला जे वळण होतं, तेच दगडात उतरलं.

वसईच्या किल्ल्यातही अशा शिळा आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, चर्चची छपरं काळानं पडली. आता त्या जमिनीवर थेट पाऊस पडतो. पावसाळ्यानंतर शेवाळ उतरलं की पोर्तुगीज सरदारांची नावं पुन्हा वाचता येतात. त्या शिळांवर चालताना जरा जपून चालावं, त्या अक्षरांना आता छपराचा आधार नाही.

जमिनीवरून भिंतीवर

सोळाव्या शतकात इंग्लंडनं पोपशी नातं तोडलं आणि मृतासाठी प्रार्थना करण्याची कल्पना त्यांच्या धर्मातून गेली. मग वाचणाऱ्याला थांबवून प्रार्थना मागायचं कारण उरलं नाही. स्मारकाचं काम बदललं, ते मृताचे गुण सांगू लागलं. गुण सांगायचे तर डोळ्यांच्या पातळीवर हवेत, म्हणून स्मारकं भिंतीवर चढली. झोपलेली मूर्ती उठून बसली, मग उभी राहिली, पुढे तिच्याभोवती प्रसंग घडू लागला.

सेंट मेरीजच्या आत हा बदल एका नजरेत दिसतो. गव्हर्नर टॉमस मन्रो इथं जमिनीत आहे. १८१८ मध्ये सोलापूर घेणारा हाच मन्रो. तो १८२७ मध्ये पट्टिकोंड्याला पटकीनं वारला आणि १८३१ मध्ये त्याचे अवशेष इथं आणले. भिंतीवर मात्र संगमरवरात कोरलेले प्रसंग आहेत. त्यातला एक आपल्याला विशेष जवळचा आहे. जर्मन मिशनरी क्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे. हे शिल्प कंपनी सरकारनं जॉन बेकन धाकटे यांच्याकडून करून घेतलं.

श्वार्ट्झ तंजावरच्या मराठा दरबाराचा विश्वासू होता. तुळजा राजांनी दत्तक मुलाची काळजी घ्यायला त्याला सांगितलं होतं, तोच मुलगा पुढे सरफोजी राजे दुसरे झाला. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. त्यांनी लंडनला लिहून आपल्या गुरूसाठी स्वतंत्र स्मारक मागवलं. ते घडवलं त्या काळातल्या इंग्लंडच्या सर्वांत नावाजलेल्या शिल्पकारांपैकी एकानं, जॉन फ्लॅक्समननं. तंजावरच्या चर्चमधल्या त्या उठावशिल्पात मृत्युशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात हातात घेऊन स्वतः सरफोजी राजे उभे आहेत. मध्ययुगीन चर्चमध्ये स्मारक करवून घेणारा राजा आपलीच मूर्ती कोरवून घेई, पायाशी सिंह ठेवून. इथं राजा दुसऱ्याच्या पलंगाशी उभा आहे, आणि तो त्या धर्माचाही नाही. जमिनीतल्या थडग्याच्या शिळेसाठी राजांनी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या.

दगडावर लिहून ठेवण्याचं महत्त्व सरफोजींना पुरतं कळलं होतं. १८०३ मध्ये त्यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी इतिहास कोरवून घेतला. देशातल्या अतिशय मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. देवळाच्या भिंतीवर स्वतःच्या कुळाची मराठी कथा आणि चर्चमधल्या गुरूच्या थडग्यावर स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी. तंजावरला जाल तेव्हा हे देऊळ आणि फ्लॅक्समनचं शिल्प एकाच दिवशी पाहता येतात. मोठं देऊळ आणि ते शिल्प असलेलं शिवगंगा बागेजवळचं चर्च यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर आहे.